वहीतला तिसरा रकाना: गॅलिक डोंगरनावं देवनागरीत उतरवणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

तुमची यादी फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचली. स्कॉटलंडमधल्या सगळ्या २८२ मन्रोंची, म्हणजे तीन हजार फुटांवरच्या डोंगरांची नावं देवनागरीत, शेजारी मराठी अर्थ. आणि पुढच्या टप्प्यात जुन्या नकाशांवरच्या खिंडी, कुरणं, पाणवठे यांची नावंही अशीच उतरवून खुल्या नकाशावर चढवायचा बेत. नोकऱ्या सांभाळून, रात्री जागून केलेलं काम आहे हे बघताक्षणी कळतं. म्हणून आधी मनापासून शाबासकी. आणि लगोलग विनंती: हे एवढ्यात नकाशावर चढवू नका.

मी अकरा वर्षं लुईस बेटावर स्टॉर्नोवेत राहते. औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. आमच्या बेटावर एकसुद्धा मन्रो नाही. शेजारच्या हॅरिसमधला अन क्लिशम हा इथला सगळ्यात उंच डोंगर, तोही ७९९ मीटरवर थांबतो. तेव्हा तुमच्या यादीशी माझा तसा काही संबंध नाही. पण अकरा वर्षं काउंटरपलीकडून गॅलिक कानावर पडते आहे. आधी रक्तदाबाच्या गोळ्यांपुरती कळायची, मग संध्याकाळच्या वर्गाला बसले, आता गप्पांपुरती येते. (हो, इथल्या भाषेला ‘गॅलिक’च म्हणायचं. ‘गेलिक’ म्हटलं की लोकांना वाटतं तुम्ही आयरिशबद्दल बोलताय.) त्या ऐकण्याच्या जोरावर हे लिहिते आहे.

आता यादीकडे. स्काय बेटावरच्या एका मन्रोचं नाव तुम्ही ‘स्गुर दुभ मोर’ असं लिहिलंय. रोमन अक्षरांवरून वाचलं तर तसंच दिसतं, चूक तुमची नाही. पण इथला माणूस ते नाव घेतो तेव्हा ऐकू येतं ‘स्कूर्र तुह मोर’. मोठा काळा सुळका. मधला ‘दुभ’ म्हणजे काळा, त्याचा उच्चार ‘तुह’. त, स्वच्छ दंत्य त, आपल्या ‘ताक’मधला. इंग्रजांचा टाळूला टेकणारा ट नव्हे. शेवटचा ‘मोर’ मात्र बरोबर आला. मोठा या अर्थाचा तो शब्द आपल्या पक्ष्यासारखाच ऐकू येतो. तुमच्यातल्या कुणीतरी ‘बेन मोर’पुढे पिसाऱ्याचं चित्र टाकलंय, ते मला फार आवडलं. पण मल बेटावरच्या त्या डोंगराचं गॅलिक नाव ‘बेइन व्होर’ असं लिहितात आणि ‘पेइञ वोर’ असं म्हणतात. ‘बेइन’ हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून तिच्यामागून येणाऱ्या विशेषणाचा म मऊ होऊन व होतो. इंग्रजी नकाशाने ते व्याकरण सोलून टाकलं आणि मोर शिल्लक ठेवला.

आणि इथेच मला तुमचं काम महत्त्वाचं वाटतं. कारण जे रोमन लिपीला नीट जमत नाही ते आपल्या लिपीला जमतं. गॅलिकमध्ये ब, द, ग अशी अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला आली की त्यांचा घोष जातो, प, त, क ऐकू येतं. आणि प, त, क लिहिलं की प्राण भरून येतो: फ (ओठ मिटून म्हटलेला, ‘फळ’मधला, ‘फॅन’मधला नव्हे), थ, ख. म्हणजे फरक घोष-अघोषाचा नाही, अल्पप्राण-महाप्राणाचा आहे. इंग्रजी कानाला हा फरक पकडायला कष्ट पडतात. आपण पहिलीत असताना तक्त्यावर बोट ठेवून शिकलेलो आहोत. ‘बेग’ म्हणजे छोटा, तो ‘पेक’. ‘टोबर’ म्हणजे झरा किंवा विहीर, ती ‘थोपर’. ‘कार्न’ म्हणजे दगडांची रास किंवा खडकाळ डोंगर, तो ‘खार्न’. ‘बेइन’च्या शेवटचा तो अनुनासिक तर हुबेहूब आपला ञ आहे. शाळा सुटल्यापासून ज्याच्यावर धूळ बसली होती त्या ञला इतक्या लांब येऊन काम मिळालं, याचा मला अजून आनंद होतो.

आणखी एक गंमत. ‘गोर्म’ म्हणजे निळा. म्हणताना र आणि म यांच्या मध्ये एक स्वर आपोआप घुसतो आणि ‘कॉरॉम’ होतं. केर्नगॉर्म या प्रसिद्ध डोंगराचं नाव त्यामुळे ‘खार्न कॉरॉम’. आपल्याकडे ‘धर्म’चं ‘धरम’ होतं तसंच. या घुसणाऱ्या स्वराला गॅलिकचे भाषाभ्यासक काय म्हणतात माहीत आहे? स्वरभक्ती. आपला संस्कृत शब्द, जसाच्या तसा. वर्गात तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मान वर करून बघितलं, कुणी माझी थट्टा करतंय का म्हणून.

मात्र अशा गमतींत वाहवत जाऊ नका. यादीत एकाने ‘कोरे’ या शब्दापुढे ‘खोरं? एकच मूळ?’ असं लिहिलंय. डोंगराच्या कुशीतल्या वाटीसारख्या दरीला गॅलिकमध्ये जो शब्द आहे त्याचा उच्चार खरोखरच ‘खोऱ्ये’च्या जवळ जातो. पण त्याचा मूळ अर्थ हंडा, कढई. आपल्या खोऱ्याशी त्याचं नातं नाही, निव्वळ योगायोग. मन्रोंच्या यादीत मराठी मुळं शोधायला लागलो तर उद्या आपण शिवरायांना स्कायवर उतरवू.

तर उच्चार हा एक भाग झाला, आणि तो सोपा. कान लावला की जमेल. माझी खरी हरकत पुढच्या टप्प्याला आहे, जुन्या नकाशांवरून कुरणांची नावं उतरवण्याला. त्या नकाशांवरची अक्षरं म्हणजे मूळ नाव, असं तुम्ही धरून चालला आहात. ती अक्षरं कशी तिथे आली ते आधी बघू या.

कलोडनची लढाई १७४६ ची. जॅकोबाइटांचं, म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट घराण्याच्या बाजूच्या लोकांचं बंड मोडलं आणि लंडनच्या सरकारच्या लक्षात आलं की हायलंड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, फौज न्यायची तर वाटांचा पत्ता नाही. १७४७ ते १७५५ या काळात विल्यम रॉयच्या हाताखाली लष्करी पाहणी झाली. देखणा नकाशा आहे, डोंगर रंगवलेले, अक्षरं रेखीव. पण नावं लिहिणारे कान परके होते. जे ऐकू आलं ते इंग्रजी अक्षरांत बसवलं. ऑर्डनन्स सर्व्हे ही सरकारी नकाशे करणारी संस्था १७९१ पासूनची. तिने सहा इंचाला एक मैल या प्रमाणाचे नकाशे स्कॉटलंडमध्ये १८४३ पासून सुरू केले, ते काम १८८२ पर्यंत चाललं. तुम्ही वापरताय ते हेच. पुढे लागवडीच्या जमिनीसाठी पंचवीस इंची नकाशे आले, डोंगर आणि माळरान मात्र सहा इंचीवरच राहिलं. ज्या जमिनीत पैसा तिला कागद जास्त. कुरणातली नावं कितीही दाट असोत, कागदावर जागा होईल तेवढीच मावली.

या कामासाठी सर्व्हेच्या शिपायांकडे आणि कारकुनांकडे छापील वह्या असत, ‘नेम बुक’ म्हणतात त्यांना. ‘स्कॉटलंड्स प्लेसेस’ या संकेतस्थळासाठी त्या स्कॅन झाल्या आणि स्वयंसेवकांनी त्या अक्षर अन् अक्षर टंकून काढल्या आहेत. तुम्ही नकाशा बघितलात, वही बघितली नाहीत, हे यादीवरून कळतं. वहीच्या पानावर पाच रकाने. पहिल्यात नकाशावर लिहायचं नाव. दुसऱ्यात त्या नावाची वेगवेगळी स्पेलिंगं. तिसऱ्यात, ते स्पेलिंग कुणाच्या आधारावर. चौथ्यात ठिकाण. पाचव्यात वर्णन: खडकाळ टेकडी, गवत बरं, मालक अमुक.

मला वेड लावलं ते तिसऱ्या रकान्याने. नाव कुणी सांगितलं हे लिहून ठेवायची शिस्त! आपल्याकडच्या कितीतरी दप्तरांत ती सापडायची नाही. पण पानं उलटत गेलं की तोच रकाना खायला उठतो. पाद्री. शाळामास्तर. जमीनदाराचा कारभारी. शिकारखान्याचा राखणदार. पुन्हा कारभारी. त्यातल्या काहींना गॅलिक उत्तम येत होती, काहींना कामापुरती, काहींना अजिबात नाही. ज्यांनी त्या कुरणांत जन्म काढला ते लोक या रकान्यात क्वचितच भेटतात. हे काही नजरचुकीने झालं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सर्व्हेच्या सूचनांत तर स्पष्ट म्हटलंय की छोटे शेतकरी आणि झोपडीत राहणारे यांच्यावर, ते स्वतः राहतात त्या जागेच्या नावासाठीसुद्धा, विसंबू नये. स्पेलिंगच्या बाबतीत तर नकोच. शिकलेला, समजदार कब्जेदार असेल तर तो चालेल.

स्वतःच्या अंगणाचं नाव सांगायला माणूस नालायक ठरतो, कारण त्याला ते लिहिता येत नाही. गॅलिक बोलणाऱ्या माणसाला गॅलिक लिहिता येत नव्हती, कारण शाळेत ती शिकवतच नव्हते. म्हणजे आधी पाटी काढून घ्यायची आणि मग लिहिता येत नाही म्हणून हसायचं.

आयर्लंडमध्ये हेच काम १८२४ पासून चाललं होतं, तिथे निदान जॉन ओडोनोव्हनसारखा पंडित नेमला होता. तो गावोगाव फिरला, जुन्या पोथ्या चाळल्या, बोलणाऱ्यांना विचारलं. शेवटी त्या नावांनाही इंग्रजी वळणच दिलं गेलं, पण मूळ रूप त्याच्या टिपणांत राहिलं. स्कॉटलंडच्या वाट्याला असा पूर्णवेळ माणूस आला नाही. १८७० च्या दशकात अलेक्झांडर कारमायकल यांनी बाह्य हेब्रिडीजमधल्या नावांसाठी सर्व्हेला मदत केली. ते अबकारी खात्यातले, गॅलिक प्रार्थना आणि ओव्या गोळा करण्यासाठी ओळखले जातात. असे लोक जिथे होते तिथे नावं बरी उतरली. आमचं लुईस त्याआधीच, १८५० च्या सुमारास मोजून झालं होतं.

लुईसचा तेव्हाचा मालक कोण? जेम्स मॅथेसन. १८४४ मध्ये त्याने अख्खं बेट विकत घेतलं. पैसा चीनमधल्या अफूच्या व्यापारातला, जार्डिन मॅथेसन या त्याच्या कंपनीतला. आणि त्या अफूतली बरीचशी माळव्याची, मुंबई बंदरातून लादलेली. स्टॉर्नोवेच्या खाडीपलीकडे त्याने बांधलेला वाडा अजून उभा आहे, मी रोज कामावर जाताना बघते. माळव्यातल्या खसखशीच्या बोंडांपासून माझ्या खिडकीपर्यंत ही अशी सरळ रेघ निघेल असं वाटलं नव्हतं. असो. सांगायचं एवढंच, की बेट एका माणसाच्या मालकीचं असताना तिसऱ्या रकान्यात त्याच्या कारभाऱ्यांचं वजन किती असेल याचा अंदाज करा.

सदरलंडची गोष्ट आणखी वाईट. तिथल्या खोऱ्यांतून १८१४ आणि १८१९ मध्ये घरं जाळून माणसं हुसकली, मेंढ्यांना रान मोकळं व्हावं म्हणून. स्ट्रॅथनेव्हर हे नाव इथे अजून हलक्या आवाजात घेतात. सर्व्हेवाले तिथे पोचले १८७० च्या दशकात. मधे दोन पिढ्या गेल्या. विचारणार कुणाला? दक्षिणेकडून मेंढ्यांबरोबर आलेल्या धनगराला. त्याने जी दहा नावं उचलली होती ती त्याने दिली. बाकीची नावं समुद्रकाठी फेकलेल्या लोकांच्या तोंडी, नाहीतर कॅनडात. तिथल्या नकाशावर तुम्हाला मोकळी जागा दिसली तर ती मोकळी होती असं समजू नका.

आता कुरणांबद्दल, कारण तुमचा पुढचा टप्पा तोच आहे. इथे एक शब्द आहे, उच्चार ‘आरी’. उन्हाळी गुरचराईची जागा आणि तिथली झोपडी, दोन्ही. जुन्या नकाशावर याचं स्पेलिंग वेगळं दिसेल, आजच्या शब्दकोशात वेगळं, आणि कित्येक ठिकाणी नुसतं इंग्रजीत ‘शीलिंग्ज’ लिहून मोकळे झालेत. मे महिन्यात गावाजवळच्या शेतात पेरणी झाली की गुरं आत माळरानावर न्यायची, म्हणजे पिकाला तोंड लागत नाही आणि आतलं ताजं गवत मिळतं. गुरांबरोबर कोण जाणार? बायका आणि पोरं. पुरुष मासेमारीला किंवा शेतावर. दगड आणि गवताळ मातीच्या ढेपांची झोपडी, वाळक्या हेदरचं (माळावरचं बुटकं झुडूप) अंथरूण, दिवसभर दूध काढायचं, लोणी आणि चीज करायचं, ऑगस्टच्या सुमाराला परत. मध्य आणि पूर्व हायलंड्समध्ये याच जागेला ‘रुई’ म्हणतात. लुईसमध्ये ही चाल विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. तपकिरी माळावर लांबून हिरवेगार ठिपके दिसले तर समजा तिथे आरी होती. शेकडो उन्हाळ्यांचं शेण मुरलंय त्या मातीत.

म्हणजे बघा. ही नावं ठेवणाऱ्या, वापरणाऱ्या, पोरींना शिकवणाऱ्या बायका. आणि वहीच्या तिसऱ्या रकान्यात जवळजवळ सगळे पुरुष. गुरांमागे बाया, वहीत बुवा.

गेल्या हिवाळ्यात दुकानात येणाऱ्या एका आजींना मी सहा इंची नकाशाचा छापील तुकडा दाखवला. लहानपणी त्या आईबरोबर आरीवर राहिलेल्या. चष्मा लावून त्यांनी एक नाव वाचलं, दोनदा वाचलं आणि हसायला लागल्या. मग स्वतः म्हणून दाखवलं. कागदावरचं नाव आणि तोंडचं नाव यांत दोन अक्षरं सारखी होती. मग त्या बोलत सुटल्या. घरापासून आरीपर्यंतच्या वाटेवर त्यांनी मला सतरा नावं सांगितली. इथे आई दम खायची तो दगड, इथे वासरू फसलं तो चिखल, इथे पहिल्यांदा समुद्र दिसेनासा होतो ती चढण. नकाशाच्या त्या तुकड्यावर नावं होती चार. सतरापैकी एकही नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांनी ती मला सांगितली, तुम्हाला नाही. विचारून, त्या हो म्हणाल्या तर देईन.

आणि ही नावं टिंबं नव्हेत. मी नकाशावर पेन टेकवून विचारलं, ‘नक्की इथे?’ तर त्यांनी तळहात फिरवला, साधारण एवढा भाग. काही नावं तर चालण्याच्या दिशेची होती, जाताना एक आणि येताना दुसरं. खुल्या नकाशावर तुम्ही पिन टोचणार, ती कुठे टोचणार? लॉखनगार या प्रसिद्ध डोंगराचंच उदाहरण घ्या. त्याचं नाव खरं तर त्याच्या कुशीतल्या छोट्या तळ्याचं. नकाशे आणि कवी यांच्या हातून ते वर सरकलं आणि डोंगरावर जाऊन बसलं. डोंगराचं जुनं नाव ‘बेइन ख्यीखन’ असं काहीसं, म्हणजे स्तनांचा डोंगर. ते सभ्य लोकांना गैरसोयीचं होतं हेही खरं.

सभ्यतेचा विषय निघालाच आहे तर केर्नगॉर्म्समधला ‘डेव्हिल्स पॉइंट’. तुमच्या यादीत ‘सैतानाचं टोक’. मूळ गॅलिक नावात टोक नाही. सैतानाचं पुरुषी अंग आहे, सरळ शब्दांत. म्हणे व्हिक्टोरिया राणीने अर्थ विचारला आणि बरोबरच्या जॉन ब्राउन या तिच्या नोकराने प्रसंगावधान राखून हे भाषांतर केलं. किस्सा खरा असो वा खोटा, भाषांतर छापलं गेलं. आता तुम्ही त्या भाषांतराचं भाषांतर केलंत. मूळ नाव ठेवणारे गुराखी वरून बघून काय म्हणत असतील!

म्हणून अर्थाच्या रकान्याबद्दल जरा जपून. पण जिथे आपल्याकडे डोंगराचा नेमका शब्द आहे तिथे शब्दकोशातला गुळगुळीत शब्द कशाला? ‘स्त्रॉन’ म्हणजे नाक, डोंगराची पुढे आलेली धार. तुम्ही ‘नाक’ लिहिलंय, आपण सोंड म्हणतो. ‘प्यालख’ म्हणजे खिंड, ‘दर्रा’ नव्हे. ‘इन्निश’ म्हणजे नदीकाठची गवताळ जागा, जिथे गुरं बसतात, रवंथ करतात. कोकणातल्या कुणालाही विचारा, तो गोठण म्हणेल. ‘पुअल्ये’ म्हणजे गुरं कोंडायचं आवार, आपलं वाडगं. ग्लेनकोच्या तोंडाशी उभा असलेला ‘पुअखल्ये एत्ये मोर’ हा तर सरळ सरळ एतिव्ह खोऱ्याचा मोठा गुराखी. शेजारी धाकटा गुराखीही आहे. ॲपलक्रॉसची ती नागमोडी रस्त्याची, ६२६ मीटरची खिंड तुम्ही ‘बिअलाच ना बा’ म्हणून लिहिलीत. ती ‘प्यालख न पा’. गाईची खिंड. पो म्हणजे गाय, पा म्हणजे गाईची. तिच्यावर गाड्यांचे फोटो काढणाऱ्यांपैकी किती जणांना ती गाय दिसते?

रंगांचं तर विचारूच नका. ‘गोर्म’ म्हणजे निळा, पण भरलेल्या गवताचा हिरवाही गोर्मच. ‘ग्लास’ करडाही आणि हिरवटही. ‘रियावख’ म्हणजे पट्टेदार, कबरा, हा रंग गाईचाही असतो आणि माळरानाचाही. आपल्याकडे गुरांच्या रंगांना स्वतंत्र शब्द आहेत, त्यातला एखादा इथे चपखल बसेल. ‘स्ट्राइप्ड’चा कोशातला अर्थ बसणार नाही. चराऊ रानाचा रंग म्हणजे नुसतं वर्णन नाही, तिथे काय उगवतं आणि कधी न्यायचं याची खूण आहे.

एक उलटी सूचनाही करते, नाहीतर तुम्ही भक्त व्हाल. सगळं मूळ गॅलिकच असं नाही. आमच्या लुईसमध्ये डोंगरनावांच्या शेवटी जो ‘वल’ येतो तो नॉर्स लोकांचा, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या व्हायकिंगांचा ‘फ्याल’, डोंगर. गावांच्या नावांतला ‘शेडर’ म्हणजे नॉर्स भाषेतली आरी. नॉर्स लोकांनीही गॅलिकमधला आरी हा शब्द उचलून आपल्या नावांत घातला. पूर्वेकडे पिक्टिश, म्हणजे गॅलिकच्या आधीच्या पिक्ट लोकांच्या भाषेचा थर आहे, पिटलॉक्रीतला ‘पिट’ तिथला. शुद्ध मुळाच्या शोधात थरांवरचं साल काढत बसू नका. आणि सगळीकडे एकच प्रमाण उच्चारही लादू नका. टॉरिडनमधल्या लिआथख या डोंगराला तिथले लोक ‘लीअगख’ म्हणतात, पुस्तकी नियमाने तो ग येत नाही. लोक म्हणतात ते लिहा.

लिहायचं कसं, तर माझ्या मते पाचही रकाने ठेवा. जुन्या नकाशावरचं स्पेलिंग आहे तसं, चुकीचं असलं तरी, वर्षासकट. त्याच्या खाली आजचं मान्य गॅलिक रूप. त्यासाठी ‘आयन्मन आच ना हालप’ ही संस्था आहे, स्कायवरच्या सावल मोर ऑस्टिक या गॅलिक महाविद्यालयात. तिचा नावांचा संग्रह खुला आहे. मग देवनागरी उच्चार. घशात घासून निघणाऱ्या खसाठी नुक्ता द्या, लाजू नका. उच्चार ऐकायचा कुठे? ‘थोपर अन तुअलखिश’ या संकेतस्थळावर, वारशाची विहीर असा त्याचा अर्थ. १९५१ मध्ये एडिंबरा विद्यापीठात स्थापन झालेल्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने गावोगाव फिरून केलेली ध्वनिमुद्रणं तिथे आहेत. त्यात आरीवरच्या बायका स्वतः बोलतात, गातात. दीडशे वर्षांपूर्वीच्या वहीने ज्यांना विचारलं नाही त्यांचा आवाज आज फुकट ऐकायला मिळतो. आणि तिसरा रकाना भरा. ‘नकाशावरून’ असेल तर तसं लिहा. ‘ध्वनिमुद्रणावरून’ असेल तर ते. कुणी सांगितलं असेल आणि त्यांची हरकत नसेल तर ‘अमुक गावातल्या, आरीवर राहिलेल्या बाई’ एवढं तरी.

तुमच्यातला कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, २०२२ च्या जनगणनेत गॅलिक थोडीबहुत येणारे जेमतेम एक लाख तीस हजार निघाले, वाचणार कोण? तर २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने कायदा करून गॅलिकला अधिकृत दर्जा दिला. आणि त्याआधी, याच शतकात, आमच्या माळरानावर १८१ पवनचक्क्यांचा प्रकल्प येऊ घातला होता. माळ म्हणजे ओसाड पसारा, असं बोललं जायचं. तेव्हा बेटावरच्या लोकांनी माळाचे शब्द आणि नावं गोळा करून पुढे ठेवली. २००८ मध्ये प्रकल्प नाकारला गेला तो पक्ष्यांच्या संरक्षणाच्या कायद्यामुळे, शब्दांमुळे नाही, उगाच श्रेय घेत नाही. पण शब्द पुढे आल्यावर ओसाड म्हणायला लोक बिचकायला लागले, हे मी जुन्या मंडळींकडून ऐकलंय.

शेवटी आपल्या घरचं एक. मी जावळीकडची. महाबळेश्वरला आम्ही शाळेच्या सहलीला जायचो आणि विल्सन पॉइंटवर सूर्योदय बघायचो. त्या टेकाडाला सिंदोळा म्हणतात हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं. त्या गावालाच एकेकाळी माल्कम पेठ नाव होतं, मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्यावरून. माल्कम स्कॉटिश. आणि त्याच्या उलट बाजूला कॉलिन मॅकेन्झी, जन्म इथलाच, स्टॉर्नोवेचा. १७८३ मध्ये मद्रासला गेला, १८१५ मध्ये भारताचा पहिला सर्व्हेयर जनरल झाला, १८२१ मध्ये कलकत्त्यात वारला. कंपनीचाच माणूस, कंपनीसाठीच नकाशे केले. पण गावोगावच्या कैफियती, शिलालेख, हस्तलिखितं त्याने जमवली, त्यात मराठीही आहेत. आणि ती जमवणाऱ्या कवली व्यंकट बोरय्या, लक्ष्मय्या या भावांची नावं आज आपल्याला माहीत आहेत. सांगणारा कोण, आणणारा कोण, हे तिथे पुसलं गेलं नाही. माल्कमचा धडा गिरवायचा की मॅकेन्झीचा, हे तुमच्या हातात आहे. तुमच्या यादीत ‘आपला पॉइंट’, ‘चहा खिंड’ आणि ‘गणपती दगड’ अशी तीन नवीन नावं घुसलेली मी बघितली. तेवढी तरी आजच काढा.

जूनमध्ये तुम्ही हॅरिसला येताय असं कळलं. क्लिशम चढून झाला की एक दिवस लुईससाठी ठेवा. आजींना मी विचारून ठेवलंय. त्यांना गुडघ्यामुळे फार चालवत नाही, रस्त्याच्या कडेपर्यंत गाडीने नेऊ आणि तिथून त्या हाताने दाखवतील. त्या म्हणाल्या, पोरं येताहेत तर येऊ देत, पण पावसाचं बघून या, आणि फोन खिशात ठेवायला सांग, आधी ऐकू देत. वही मी आणते. बूट चिखलाचे आणा.

तुमचीच,
स्टॉर्नोवेहून एक फार्मासिस्ट